खारवट रानातलं जोडवं

बायकोचं एक जोडवं आमच्या खुटबावच्या रानात, कांद्याला दारं धरताना चिखलात गेलं. दुसरं तिनं काढून डबीत ठेवलं. नवी जोडी घे म्हटलं, तर म्हणाली, "आपलंच रान हाय. जाईल कुठं?" पुढच्या वर्षी तीच गेली. सवाष्ण म्हणून बायकांनी तिला नवी जोडवी घालून पाठवली. जुनं डबीतच राहिलं. त्याचा हरवलेला जोडीदार शोधायचाच, असं मी मनाशी धरून बसलो.

पुण्याहून मेटल डिटेक्टर आणला, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा. माझ्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरमागच्या कोरड्या जमिनीवर त्यानं डबीतलं जोडवं झटक्यात ओळखलं. हलका होता, बॅटरीही पुरायची. पण आमचं रान पाणी पिऊन पिऊन खारवट झालेलं. ओल्या खारट मातीवरही तो धातू असल्यासारखा ओरडायचा. बांधापलीकडचे मामा हसायचे.

"काय सायेब, हंडा घावला का?"

"व्हय मामा, झाकण तेवढं राह्यलंय."

सुट्टीच्या दिवसातलं माझं बोलणं तेवढंच.

मग मेव्हण्यानं परदेशातून येताना अनेक फ्रिक्वेन्सींचा डिटेक्टर आणला. जुना मातीला एकाच सुरात विचारायचा. हा एकदम अनेक सुरांत विचारून उत्तरं ताडून पाहायचा, म्हणून खार कुठला आणि धातू कुठला हे त्याला कळायचं. जड होता, बॅटरी खायचा, पण रानात शिरला आणि गप्प झाला. इतका गप्प, की मला जुन्याची बडबड आठवू लागली. खोटं का होईना, तो काहीतरी आहे म्हणायचा.

मला मशीनचाच संशय आला. परीक्षा म्हणून डबीतलं जोडवं वीतभर खोल पुरलं, वर बाभळीची काटकी खोवली आणि मशीन फिरवलं. स्वच्छ आवाज आला. म्हणजे मशीन खरं बोलत होतं. हरवलेलं जोडवं नांगरटीत कुठं खोल गेलं असेल, ते आता हाती लागणार नव्हतं. मी बांधावर बसून रडलो. मामाही गावाला गेलेले, म्हणून मोठ्यानं रडलो.

खुरपं घेऊन उठलो, पण पुरलेलं जोडवं उकरलं नाही. खुणेची काटकी उपटून पाटात टाकली, वर माती सारखी केली आणि रिकामी डबी खिशात घालून दौंडला आलो. जोडवी तरी आता एका रानात आहेत.