शून्यापाशी थांबलेली मोजणी

“चिठ्ठीतलं खरं की खोटं ते मला विचारू नका, मुंबईहून निघाली तीच इथं आली का, तेवढं विचारा,” असं अलका एकदा मॅनेजर रमाकांतना म्हणाली होती.

ते १९९५ साल. आमलीतल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर एकच, आणि तो अलकाच्या ताब्यात. रोज सकाळी मुंबईच्या ऑफिसातून फोनच्या तारेवरून रंगांच्या प्रमाणाची चिठ्ठी यायची. तार खरखरली की आकडे बिघडत. म्हणून तिने सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला. तिला आणि मुंबईच्या श्रुतीलाच ठाऊक असलेला एक शब्द त्या मजकुरात मिसळायचा, सगळं एकत्र वाटायचं, की सोळा बाइटांचा ठसा निघे. एक आकडा हलला तरी ठसा पार बदले; आणि चटणीतून मिरची वेगळी काढता येत नाही, तसा ठशातून तो शब्द कुणाला काढता येत नसे. श्रुती मजकुरासोबत ठसा पाठवी, अलका इथं पुन्हा काढून जुळवी. जुळला की कागदावर ‘बरोबर’चा शिक्का.

आठ महिने सुरळीत गेले. मग एका मंगळवारी आकाशी सूत गडद निळं निघालं.

रमाकांतनी शिरपूरकडच्या झुंबर रंगाऱ्याला बोलावलं. “कॉम्प्युटर बरोबर म्हणतोय. वजन तूच चुकवलंस. उद्यापासून येऊ नकोस.”

“साहेब, निळ्याचं पाच पूर्णांक दोन मला जास्तच वाटलं होतं,” झुंबर म्हणाला. “पण शिक्का होता ना ताईंचा.”

हे वाक्य शेजारीच कॉम्प्युटरपाशी बसलेल्या अलकाला दिवसभर टोचत राहिलं. तिने श्रुतीला फोन लावला. मुंबईहून निघाला होता एक पूर्णांक दोन.

मग ती आपल्याच प्रोग्रॅमपुढे बसली. ठशाची लांबी मोजायला तिने अक्षरं मोजणारं नेहमीचं फंक्शन वापरलं होतं. ते शून्य भेटलं की थांबतं. आणि मंगळवारी श्रुतीकडून आलेल्या ठशाचा पहिलाच बाइट शून्य. लांबी शून्य, म्हणजे जुळवायला काहीच नाही. आणि काहीच जुळवलं नाही, तर काही चुकणार कसं? तिच्या यंत्राने न बघताच मान डोलावली होती.

तिने लांबी सोळा अशी पक्की लिहिली. तीच फाइल पुन्हा चालवली. पडद्यावर आलं: ‘चूक’. दिवसभरात पहिल्यांदाच तिने मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी झुंबर आपला डबा न्यायला आला, तेव्हा ती रमाकांतांच्या टेबलापाशी कागद घेऊन उभी होती. “चूक माझी. या ओळीत.”

रमाकांतनी कागद उलटसुलट पाहिला. “तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं असतं?”

“झुंबरभाऊंना कळलंच होतं.”

झुंबरने डबा परत फळीवर ठेवला. “अलकाताई, आता सोळाच्या सोळा मोजतं ना तुमचं खोकं? नाहीतर मी बसतो बोटं घेऊन.”

अलका हसली. पर्स खांद्याला लावली, आणि किलवणीची बस गाठायला बाहेर पडली.