जीपची टिकटिक

एखाद्याने गार इंजिन सुरू केले आणि आतून टिकटिक आली, की निवृत्त होऊनही माझे कान टवकारतात आणि तिकोणा पेठ गावाची ती केस डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. संशय घेणे हा माझा धंदा होता आणि स्वभावही. आमच्या सौ. म्हणतात, दूधवाल्याकडेसुद्धा तुम्ही आरोपी असल्यासारखे बघता. त्यात खोटे काही नाही.

एका रविवारी संध्याकाळी, चांगला उजेड असताना, पवना धरणाकडच्या रस्त्यावर गावातल्या एका वृद्ध आबांना गाडीने उडवले आणि गाडी पसार झाली. आबांच्या डोक्याला मार लागला, ते दवाखान्यात बेशुद्ध होते. दुसऱ्या दिवशी एक इसम आपणहून ठाण्यात आला. रस्त्याकडेला त्याची चहा-वड्याची टपरी होती आणि तो पर्यटकांना तंबू भाड्याने द्यायचा.

“साहेब, गाडी न्हाई दिसली, आडोसा हाय. पर आवाज आला. कामशेतकडनं जीप वर आली, धाडकन वाजलं. मग जरा थांबली आन इंजिन टिकटिक टिकटिक करत व्हतं. मग गेली. त्यो आवाज अख्ख्या गावाला ठाव हाय.”

खरोखरच ठाऊक होता. गावातला एक तरुण रोज सकाळी जीपमधून कामगारांना कामशेतला सोडायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. चौकात त्याची जीप सुरू झाली की टिकटिक ऐकूनच बाया डबे उचलायच्या. मी गावात चौकशी केली तर सगळ्यांनी माना डोलावल्या. टिकटिक म्हणजे तोच, दुसरा कोण?

मी जीप जप्त करून ठाण्याच्या आवारात लावली आणि पोराला समोर बसवले.

“रविवारी कुठे होतास?”

“पावण्यांना कामशेत टेशनात सोडलं आन रिकामाच परत आलतो. आबा मला दिसलंच न्हाईत, साहेब.”

सोबत कोणी नव्हते, साक्षीदार नव्हता. बोलताना नजर जमिनीवर. अशी नजर अपराध्याची असते आणि घाबरलेल्या निरपराध माणसाचीही असते, हे मला ठाऊक होते. तरी माझे पारडे त्याच्या विरुद्धच झुकले होते. गाडी गेली, लायसन गेले, वर तुरुंग, तर त्याच्या घरची चूल कशी पेटणार होती कोण जाणे. ठाण्याच्या फाटकाबाहेर आबांचा मुलगा रोज येऊन बसायचा आणि ह्या पोराला आत टाका म्हणायचा.

टपरीवाल्याबद्दलही एक गोष्ट मात्र डोक्यात टोचत होती. पोलिसांनी बोलवायच्या आधी जबाब द्यायला येणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत. शिवाय घटनास्थळाच्या पंचनाम्याच्या वेळी त्याचे तंबू टपरीपुढे ढिगाने पडले होते आणि ते वाहून नेणारी पिकअप दिसत नव्हती. विचारले तर म्हणाला, मेव्हण्याकडे परंदवडीला कामाला दिलीय.

एका सकाळी आमच्या चालकाने तपासणीसाठी जीप सुरू केली. टिकटिक अगदी स्पष्ट होती. मी शेजारी बसलो. लोणावळ्याच्या वाटेला लागल्यावर थोड्या वेळाने जाणवले की आवाज बंद झाला आहे. गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवले, बॉनेट उघडून कान लावला. टिकटिक नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आवारात कोणीतरी गाडीशी खेळले. त्या दिवसापासून जीपवर हवालदाराचा पहारा बसवला. दुसऱ्या सकाळी टिकटिक परत हजर आणि फेरी मारून आलो की पुन्हा गायब.

कामशेतच्या गॅरेजवाल्याने लांब पेचकसाचे टोक इंजिनाला ठिकठिकाणी टेकवून दांडा कानाला लावला. टिकटिक झाली की आधी ज्यांच्यावर संशय जातो ते झडपांचे टॅपेट ठीक होते, ऑइलही पुरेसे होते. मग धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी त्याने काजळीची रेघ दाखवली. “हितलं गॅसकेट, सांध्यातली पट्टी, गेलंय. गार असताना फट राहते, तिच्यातनं धूर टिकटिकत निघतो. लोखंड तापलं की फुगतं आन फट मिटते.”

कामशेतपासून वर चढून आलेली जीप तापलेली असणार. मग टपरीवाल्याने कोणती टिकटिक ऐकली?

मी जीप त्या गॅरेजवाल्याकडेच तशीच ठेवायला सांगितली, दुरुस्ती करू दिली नाही. दुपारी दोन पंच घेऊन टपरीवर गेलो आणि त्या इसमाला रस्त्याकडे पाठ करून उभे केले. म्हटले, गाड्या येतील, तुम्ही ऐकलेली जीप आली की सांगा. आमच्या चालकाने कामशेतहून जीप आणली आणि अगदी त्याच्यामागे उभी केली. इंजिन चालू होते. त्याने नीट ऐकले.

“ही न्हाई साहेब. ही दुसरी कुणाची तरी.”

“वळून बघा.”

तो वळला. समोर पोराचीच जीप उभी होती. पंचांपैकी एकाने घसा खाकरला. मी आवाज न चढवता विचारले, “पिकअप परंदवडीला कुणाच्या अंगणात आहे?”

तो टपरीच्या बाकड्यावर बसला. “आबा एकदम मधी आलं वो साहेब,” म्हणाला आणि रडू लागला. पिकअप ताडपत्रीखाली सापडली, पुढचा पत्रा आत गेलेला. ऐकू आलेला आवाज त्याने सांगितला नव्हताच, गावाला पटेल असा आवाज सांगितला होता.

काही दिवसांनी आबा शुद्धीवर आले. जीपचे गॅसकेट बदलून झाल्यावर पोरगा ताबा घ्यायला आला तेव्हा मी त्याला चहा दिला आणि विचारले, “तापल्यावर आवाज जातो, हे तू का नाही सांगितलंस?”

“माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाई. पर साहेब, रोज सांजच्याला इतकी मानसं माझ्या गाडीतनं घरी येत्यात. दाराशी उतरत्यात. त्यातल्या एकालाबी आठवलं न्हाई, की येताना ही गाडी गपगार असते.”

खोटे बोलणारा एकच होता, त्याला मी पकडले. माना डोलावणारे सगळे गाव होते आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे कुठले कलम नव्हते. त्यानंतर मी गावाच्या एकमतावर कधीच विसंबलो नाही. सगळे एकच गोष्ट सांगू लागले, की मी प्रत्येकाला वेगळे बसवून विचारायचो, तू स्वतः कधी ऐकलंस, सकाळी की संध्याकाळी?

निघताना मी त्याला म्हटले, आता टिकटिक नाही, बायांना गाडी आल्याचे कळणार कसे?

“हॉर्न मारीन की,” तो म्हणाला. “निस्ता आबांच्या दारापुडं मारनार न्हाई. त्यांचं डोकं अजून दुकतंय.”