हाडागणिक एक शब्द

कुआंग सूमेई यांचे हात निखळलेल्या खांद्यावर पडले की खांदा गुपचूप जागेवर जायचा. हुनानच्या त्या डोंगराळ तालुक्यात तीस वर्षं हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त सरकारी कागदाला ठाऊक नव्हतं. वरिष्ठ डॉक्टर व्हायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हा, एवढंच कागदाचं म्हणणं. हाड बसवायला इंग्रजी कशाला लागतं, हे विचारायची सोय नव्हती. कुआंगबाई चारदा नापास झाल्या होत्या. सप्टेंबरात त्यांना पंचावन्न वर्षं पूर्ण होणार होती आणि वरिष्ठ पद नसलेल्या बाईने त्या वयात घरी बसायचं, असा नियम होता. रुग्णालयाच्या हू संचालकांनी तर बाईंच्या तपासणीच्या खोलीत शेक द्यायची यंत्रं मावतील का, याची मापंही घेऊन ठेवली होती. मार्चमधली परीक्षा ही शेवटची संधी.

या खेपेला बाईंनी पाठांतराची आपली अशी रीत काढली. हाड बसवताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवावं लागतं. पूर्वी बाई त्याच्या सुनेचा नाहीतर डुकरांचा विषय काढत. आता एखादा अवघड इंग्रजी शब्द म्हणायला लावू लागल्या. पेशंटची जीभ त्यात अडकली रे अडकली की इकडे हिसका. मग शब्दकोशात त्या शब्दाशेजारी पेशंटचं नाव आणि हाड लिहायचं. टोफूवाल्याचं मनगट, तियान आजींचं कोपर. बाजारात लोक एकमेकांना विचारत, "तुझ्या वाट्याला कुठला शब्द आला?" जबडा निखळलेल्यांना तेवढी सूट होती.

परीक्षेला छापील शब्दकोश नेता येत असे. बाईंनी तो छातीशी धरून नेला आणि तिथेच घात झाला. देखरेखीला नी नावाचे तरुण मास्तर होते. त्यांनी पानं चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"शब्दकोश कोरा हवा. ही कसली नावं?"

"पेशंट आहेत माझे."

"पेशंट बाहेर बसतात," म्हणत मास्तरांनी शब्दकोश उचलला आणि आपल्या टेबलावर नेऊन ठेवला.

बाई रिकाम्या हातांनी बाकावर बसल्या. प्रश्नपत्रिकेवरची अक्षरं नुसती डोळ्यांपुढे नाचत होती. पहिला शब्द ओळखीचा वाटला, पण अर्थ काही केल्या आठवेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नकळत त्यांचे हात बाकाखाली गेले आणि अंगठा हवेतच दाबला गेला. टोफूवाल्याचं मनगट! तो कसा कळवळत हा शब्द म्हणाला होता ते आठवलं, आणि त्यामागून अर्थही आला. दुसऱ्या शब्दाला तियान आजींचं कोपर धावून आलं. बाई झरझर लिहू लागल्या. एक हात वर लिहायचा, दुसरा बाकाखाली हाडं चाचपायचा.

एवढ्यात कागदावर सावली पडली.

"खाली काय लपवलंय?" नी मास्तर म्हणाले. "हात वर करा."

सगळा वर्ग वळून बघू लागला. दुसऱ्या मास्तरांना बोलावलं, बाह्या झटकून पाहिल्या, बाकाचा कप्पा धुंडाळला. घड्याळ काही थांबलं नव्हतं. कॉपीचा ठपका बसला असता तर परीक्षा गेली, खोली गेली आणि तीस वर्षांची अब्रूही गेली असती. बाईंना राग आला होता, भीती त्याहून जास्त वाटत होती. काहीच सापडलं नाही, तरी मास्तर माफी मागायला तयार नव्हते.

"आता दोन्ही हात टेबलावर. हलवायचे नाहीत."

बाईंनी डाव्या हाताने स्वतःचंच उजवं मनगट घट्ट धरलं आणि तसंच लिहीत राहिल्या. शेवटच्या उताऱ्यातला एक शब्द मात्र कुठल्याच हाडाशी जुळेना. त्याला पेशंटच मिळाला नव्हता. घंटा झाली तेव्हा ती जागा कोरी होती.

पास व्हायला साठ गुण लागायचे. जूनमध्ये निकाल लागला. बाईंना एकसष्ट मिळाले. हू संचालकांनी तोंडभरून अभिनंदन केलं आणि यंत्रं व्हरांड्यात ठेवून दिली.

नोव्हेंबरात एक पेशंट हात गळ्यात बांधून आला. सायकल घसरून मनगट निखळलेलं, शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकलेले. त्याने बाईंना ओळखलं नाही. बाईंनी त्याला दारातच ओळखलं.

"दोन्ही हात टेबलावर. हलवायचे नाहीत."

नी मास्तरांनी हात ठेवले, मग मान वर केली आणि त्यांचा चेहरा पडला. "डॉक्टर, त्या दिवशी मी..."

"ते राहू द्या. मी सांगते तो शब्द म्हणा. परीक्षेत हा एकच अडला होता. अनफाउंडेड."

बिनबुडाचा. मास्तर इंग्रजीच शिकवायचे, अर्थ सांगायची गरज नव्हती. त्यांनी तो खालमानेने पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

मास्तरांनी मोठ्याने म्हटला आणि त्याच क्षणी मनगट जागेवर बसलं. बाईंनी शब्दकोश उघडला, तो शब्द शोधला आणि शेजारी लिहिलं: नी मास्तर, उजवं मनगट.