बँकेची भिंत आणि देवीचा कोंबडा

स्वतःच्या घरात इतकं पाहुण्यासारखं राहणारा माणूस सबंध सोलापुरात दुसरा नसेल, असं मी अगदी खात्रीनं म्हणते; आणि मी सहसा कुठलीच गोष्ट खात्रीनं म्हणत नाही. हा माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. बारावीनंतर वडिलांनी केमच्या स्टेशनवर मला गाडीत बसवलं तेव्हा शहराबद्दल पुष्कळ सूचना दिल्या होत्या, पण काकांबद्दल एकही दिली नव्हती. जुळे सोलापूरच्या पलीकडे, जिथं डांबरी रस्ता संपून बाभळी सुरू होतात, तिथं त्यांचं दोन खोल्यांचं घर. मी आत गेले तर खुर्चीवर कॅलेंडर बसलेलं. ते उचलू की नको, या विचारात मी उभीच राहिले. काका म्हणाले, "तू बस. ते पलंगावर बसंल." घड्याळ भांड्यांच्या फळीवर ताटांच्या मधे उभं होतं. आरसा तांदळाच्या डब्याला टेकवलेला, त्यामुळे मावशी रोज जमिनीवर बसून, मान वाकडी करून कुंकू लावायची. कारण एवढंच, की घर कर्ज काढून घेतलेलं होतं, आणि काकांच्या मते कर्ज फिटेपर्यंत भिंती बँकेच्या होत्या. "दुसऱ्याच्या भिताडाला कुनी खिळा ठोकतं व्हय?" असं त्यांनी मला विचारलं. मी नागरिकशास्त्रात चांगले मार्क मिळवले होते, तरी नाही म्हणून मान हलवली. मावशीचं मागणं मात्र एकच होतं: आरशापुरता एक खिळा. ते ती बारा वर्षं मागत होती.

काका टॉवेलच्या कारखान्यात गोदाम सांभाळतात. विणताना बिघडलेला माल त्यांना जवळजवळ फुकट मिळतो, त्यामुळे घरातले पडदे टॉवेलचे, उशांचे अभ्रे टॉवेलचे आणि देवाखालचं आसनही टॉवेलचंच. माझी कॉलेजची पिशवीसुद्धा त्यांनी स्वतः मशीनवर बसून शिवली, निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलची. पिशवी मजबूत होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त पावसात ती पाणी प्यायची आणि कॉलेजात पोचेपर्यंत वजनानं दुप्पट व्हायची. वर्गातल्या एकीनं विचारलं, तू पोहायला जातेस का? खरं सांगायची लाज वाटून मी हो म्हणाले. पुढं तीन वर्षं ती मला पोहायला शिकव म्हणून गळ घालत होती.

त्या सगळ्या घरात काकांच्या मालकीचं म्हणावं असं काही असेल तर त्या सात कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यांच्या दाण्यावर काकांनी कधी दमडी घालवली नाही. रोज संध्याकाळी ते कोपऱ्यावरची पिठाची गिरणी झाडून द्यायचे आणि सांडलेली ज्वारी पिशवीतून घरी आणायचे. गिरणीवाला सगळ्यांना सांगायचा, असा देवमाणूस पाहिला नाही. कडक भाकरी मोडली की तिचा कट्ट आवाज ऐकून सातही कोंबड्या उंबऱ्यात हजर व्हायच्या, आणि आम्हाला एखादा तुकडा सांडावाच लागायचा. अंडी मात्र सगळी विकायची, हा नियम. तो वर्षातून पाचसहा वेळाच मोडायचा, माझ्या पेपरांच्या दिवशी. वेगळा गॅस नको म्हणून भाताच्या पातेल्यातच एक अंडं उकडायचं, आणि काका ते स्वतः सोलून माझ्या ताटात ठेवायचे. टरफल कुटून पुन्हा कोंबडीला. "तिचं तिला," असं म्हणायचे.

कोंबड्याचं नाव रावसाहेब. तुरा एका बाजूला पडलेला, चाल संथ. उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हानं कोंबड्या माना टाकतात, म्हणून काका भाजी धुतलेलं पाणी जपून ठेवायचे आणि दुपारी ओंजळीनं रावसाहेबाच्या डोक्यावर शिंपडायचे. तो डोळे मिटून, हूं की चूं न करता उभा राहायचा. पुढं सवयच लागली आणि थंडीतही त्याची ही अंघोळ चुकेना. पण रावसाहेब खरं तर घरचा नव्हता, देवीचा होता. घर घेताना काका गावाकडच्या लक्ष्मीआईला बोलले होते: कर्ज फिटलं की घरच्या खुराड्यातला कोंबडा देईन. रावसाहेब पिल्लू असतानाच त्याच्यावर बोट ठेवलं होतं. गावचे पाहुणे आले की आशेनं त्याच्याकडे बघायचे, आणि काका "देवीचा हाय" म्हणून त्यांना पिठलं वाढायचे.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा कर्जाचा एकच हप्ता राहिला. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेचं शटर उघडायच्या आधी जाऊन उभे राहणारे काका त्या महिन्यात गेलेच नाहीत. आधी अमावस्या निघाली, मग कंबर. मग पासबुक हरवलं. दोन दिवस शोधल्यावर ते मला खुराड्यात सापडलं. एक कोंबडी खुडूक झाली होती आणि पासबुकासकट नऊ अंड्यांवर बसली होती. ते तिथं कसं गेलं हे मी विचारलं नाही. काका म्हणाले, "आता तिला उटवू नगा. एकवीस दिस लागत्यात." मावशीनं एकवीस दिवस बोटांवर मोजले. बाविसाव्या दिवशी तिनं पिल्लं टोपलीत घातली, पासबुक झटकलं, अंड्यांच्या पैशांचा डबा काखोटीला मारला आणि बँकेत जाऊन हप्ता भरून आली. काका रावसाहेबाजवळ जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी अख्खी भाकरी त्याला चारली. बोलले एवढंच, "दिला शबुद मोडला तर घर लाभायचं न्हाई."

मंगळवारी आम्ही माढ्याजवळच्या त्यांच्या गावाला निघालो. रावसाहेब माझ्या टॉवेलच्या पिशवीत, मुंडकं बाहेर. कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं, आणि काकांनी घासाघीस न करता पैसे दिले. ते बघून मला रडूच आलं.

देवीपुढं रीत अशी, की कोंबड्यावर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. त्यानं अंग झाडलं की देवीनं तो मान्य केला, मगच पुढचं. पुजारी आजोबांनी पळीभर पाणी शिंपडलं. रावसाहेबानं डोळे मिटले. आजोबांनी ओंजळभर टाकलं. त्यानं मान जरा पुढं केली. शेवटी अख्खा तांब्या ओतला, तर साहेब आणखी थोडं असेल तर चालेल अशा चेहऱ्यानं उभे. एक पीससुद्धा हललं नाही.

आजोबा म्हणाले, "आईला नगं दिसतंय."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी देवळाच्या घंटेकडे बघितलं. खोटं तर कुणीच बोललं नव्हतं. काका देवीपुढं तसेच हात जोडून उभे राहिले. "आई, घरची आंगूळ हाय ती. सवय हाय त्याला," ते हळूच म्हणाले. सांगून टाकलंच त्यांनी.

मावशी पुढं झाली, तिनं देवीला कुंकू लावलं आणि नारळ ठेवला. "आवं, तिला समदं ठावं हाय," ती म्हणाली. "आन ह्या म्हाताऱ्याला शिजवायला ग्यासची आक्की टाकी लागली आसती. तिला बी घर चालवायचं कळतं की."

टाकीचं नाव निघाल्यावर काकांना पटलं.

घरी आल्यावर मावशीनं त्यांच्या हातात हातोडी दिली. काकांनी पहिला घाव इतका हलका घातला, जणू भिंत झोपली होती. खिळा बसला. आरसा वर गेला, आणि मावशीनं उभं राहून कुंकू लावलं. काका ते बघत राहिले. मग त्यांनी शेजारी दुसरा खिळा ठोकला. कॅलेंडरचा असेल, असं मला वाटलं.

निकाल लागल्यावर मी नोकरीसाठी पुण्याला आले. इथं नवी पिशवी घेतली, पावसात न भिजणारी. मागं मावशीचा फोन आला तेव्हा रावसाहेबाचा आवाज ऐकू येतो का म्हणून मी कान देत होते. आला, पण फार बारीक. कॅलेंडर लावलं का, असं मी विचारलं. मावशी म्हणाली, कुठलं, ते अजून खुर्चीवरच बसतं. दुसऱ्या खिळ्याला ह्यांनी तुझी टॉवेलची पिशवी अडकवलीय, आणि तिथं दुसरं काही लावू देत नाहीत.