सोन्याची पुडी

माझी पोर आज शाळेत जाते ती डॉक्टरांमुळं, नर्सबायांमुळं आणि जतच्या एका बाईंमुळं. डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात. बाईंचं नाव मात्र पोरीच्या फाइलीत कुठंच नाही, म्हणून हे लिहितो. शाळा मी सातवीत सोडली. चुकलं तर सांभाळून घ्या.

काही विचारलं की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि म्हणायच्या, "खरं सांगू, का बरं वाटंल असं सांगू?" उत्तराची वाट न बघता खरंच सांगायच्या.

मी विट्याजवळचा. कोइमतूरला गलाईच्या दुकानात जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करतो. सहा वर्षांच्या पोरीला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात फोनवर बोलता बोलता मला रडू फुटलं. मागून बाईंचा आवाज आला, "विट्याकडचा का रं तू? आधी डोळं पूस."

त्याच दवाखान्याच्या मागं बाईंची प्रयोगशाळा होती. सोन्याचे नॅनोकण, म्हणजे डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक कण, करायचे, त्यांना औषध चिकटवायचं आणि ते नेमकं बिघडलेल्या पेशींत पोचतंय का ते उंदरांवर बघायचं, हे त्यांचं काम. जतच्या दुष्काळात वाढलेल्या बाई काचेची भांडी इतक्या थोड्या पाण्यात धुवायच्या की तिथली पोरं हसायची. "टँकरची वाट बघितलीय का कवा?" बाई त्यांना मराठीतच विचारायच्या.

आता तुम्हीच सांगा, सोन्याचं नाव निघाल्यावर गलाईवाल्याचं डोकं कुठं धावणार? पोरीचे केस गेले होते. इंजेक्शन दिलं की दोन दिवस उलट्या. म्हटलं, सोनं तर आपल्या हातातलं! तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विरघळवलं, पुन्हा तळाला बसवलेली तपकिरी पूड धुतली, वाळवली, खलात दिवसभर घोटली. नर्सला सांगून टाकलं, उद्याचं इंजेक्शन नको. आणि पुडी घेऊन बाईंकडं गेलो, मधातून किती द्यायची ते विचारायला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरीला दिलंस?"

"न्हाई. आधी तुमाला इचारावं म्हटलं."

बाई स्टुलावर बसल्या. मग जो तोंडाचा पट्टा सुटला! "आरं, माझ्या कणाला औषध चिकटवलेलं असतंय. तुझ्या पुडीत काय हाय? नुसता कुटलेला दागिना! आन् माझंबी अजून उंदरापुढं गेलं न्हाई."

"मग तुमी कशाला करता हे?"

"तुझी पोर ज्या इंजेक्शनावर हाय, तेबी कुणीतरी असंच वर्षानुवर्षं उंदरं घेऊन बसलं म्हणून आलं. चल, ऊठ."

त्या माझ्याबरोबर वॉर्डात आल्या आणि इंजेक्शनाचं पुन्हा पक्कं करूनच गेल्या. दुसऱ्या दिवशी ते देताना पोरीचा हात त्यांनीच धरला होता.

तेवढ्यात माझ्या चुलत्यांचा फोन. "पोरीला गावाकडं आण. जायचंच हाय तर घरात जाऊ दे." त्यांचा आवाज बाईंनाही ऐकू गेला. बाईंनी फोन हिसकावला. "आवं काका, पोरगी जाणार असं डॉक्टर म्हणाले का? न्हाई न्हवं? मग तुमी कोण ठरवणारं? लय काळजी असंल तर बसा गाडीत आन् रक्त द्यायला या."

काका आले. रक्त दिलं. बाईंना भिऊन दोनदा दिलं, असं ते स्वतःच सांगतात.

अडीच वर्षांनी पोरीचे उपचार संपले. त्याच साली बाईंच्या संशोधनाचा निधी बंद झाला. थांबवा म्हणून पत्र आलं. "रोग थांबलाय का? मग मी का थांबू?" म्हणाल्या, आणि दूर उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेत जागा शोधून निघाल्या. शेवटचं बघितलं तेव्हा वह्यांचं खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या होत्या आणि रस्ता चुकतोय म्हणून रिक्षावाल्याशी भांडत होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेच्या खोलीत आता खुर्च्या रचून ठेवल्यात.

बाई, तुमच्या कणांची माणसांवर चाचणी होईल तेव्हा होईल. पण होईल त्या दिवशी चाचणीला लागणारं सोनं माझ्या भट्टीतनं येईल. तुमच्या कसाला उतरेपर्यंत दहादा शुद्ध करीन. तुम्ही नापास केलंत, तर अकराव्यांदा भट्टी पेटवीन.