गफूर सरांची शर्यत

गफूर सर बसल्या जागी झोपत. एक बॅच सुटून दुसरी आत येईपर्यंत स्टाफरूमच्या खुर्चीत मान टाकायची आणि बेल झाली की खडू उचलून सरळ वर्गात. भूकंपाच्या वर्षी ते औशाकडच्या एका गावात मास्तर होते. त्यानंतर स्लॅबखाली त्यांना रात्रीची झोप कधी नीट लागलीच नाही. "रातचं काम दिवसा उरकून राहिलो," असं म्हणून ते डोळे मिटत.

सर मूळचे देगलूरचे. लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा आम्ही दोघं एकाच क्लासमध्ये लागलो. ते फिजिक्स शिकवत, मी गणित. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत बॅचेस. रडकुंडीला आलेल्या पोरांना ते सांगत, "दम खा, पानी पी, पन अर्ध्यात सोडू नको."

सुट्टीच्या दिवशी ते सायकल काढत. त्यांच्या नादानं मीही काढू लागलो.

त्यांची मुलगी नसीम मेडिकलच्या परीक्षेत दोनदा हुकली होती. तिसऱ्यांदा बसायला ती तयार नव्हती. घरात बोलणं जवळपास बंद झालं होतं. अशात अहमदपूरकडच्या डोंगरात हौशी लोकांची माउंटन बाईकची शर्यत निघाली. सर तिला म्हणाले, "या वयात मी ही शर्यत पुरी केली, तर तू बी अजून एकदा बसायचं. मंजूर?"

ती "मंजूर" म्हणाली. नाही म्हणायचंही त्राण तिच्यात उरलं नसावं.

मीही त्यांच्याबरोबर शर्यतीत उतरलो. पहिला चढ संपतो न संपतो तोच बाभळीची एक फांदी सरांच्या मागच्या चाकात गेली. कडाड् आवाज झाला आणि गिअरचा तुकडा मोडून लोंबू लागला. सर उतरले. मोडका भाग काढला, चेन आखूड करून पुन्हा जोडली. आता एकच गिअर. सपाटीवर सायकल बरी चाले, चढावर चेन उतरे. सर खाली बसत, काळ्या बोटांनी ती चढवत, पुन्हा निघत. पुढं मागचं चाक पंक्चर झालं. जवळची ट्यूब फाटकी निघाली, म्हणून त्यांनी टायरमध्ये वाळलं गवत कोंबलं. त्यावर थोडं पुढं गेलो, तर टायरच रिमवरून निसटला.

"सर, मागून थकलेल्यांना उचलणारा टेम्पो येतोय. बसू या."

"न्हाई. खांद्यावर घेऊन चाललं तरी चालतंय. नियम हाय."

उन्हात आम्ही पायी निघालो. एका पळसाखाली ते टेकले.

"देशमुख सर, पोरगी खरंच थकली असंल का हो?"

"घरी तुम्हीच बघता ना तिला?"

"घरी मी बघतो कुठं? पेपर तपासतो."

शेवटचं वळण घेतलं आणि शर्यतीच्या पताका दिसल्या. बहुतेक लोक निघून गेले होते. नसीम एकटीच उभी होती. तिनं आम्हाला पाहिलं. हसली नाही, हात हलवला नाही. नुसती मटकन खाली बसली.

सर थांबले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग खांद्यावरची सायकल त्यांनी हळूच खाली ठेवली.

"बस झालं."

"अहो, समोर तर आहे!"

"न्हाई होत आता," असं म्हणून त्यांनी मागून येणाऱ्या टेम्पोला हात केला.

टेम्पो थांबला तशी नसीम धावत आली. "अब्बा, एवढंच तर राहिलं होतं!"

"हाव. पन थकलो बेटा." मग टेम्पोत चढता चढता म्हणाले, "तू बी थकलीस. ऱ्हाऊ दे ती परीक्षा."

लातूर येईपर्यंत ती ओढणीनं त्यांच्या बोटांचं वंगण पुसत राहिली.

पुढं एकदा मी विचारलंच, "सर, त्या दिवशी खरंच थकला होतात?"

"लई," एवढंच म्हणाले.

नसीम इतिहास शिकली. आता मुदखेडला शाळेत शिकवते. परवा सर गेले, तेव्हा गावोगावचे डॉक्टर झालेले विद्यार्थी आले होते. जो तो तिला सांगत होता, "सर होते म्हणून मी डॉक्टर झालो."

ती सगळ्यांचं ऐकून घेत होती. गर्दी ओसरल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, मी झाले नाही, तेही ते होते म्हणूनच."