हात बसवायला

माझ्या चार महिन्यांच्या पोरीवर मालगुजारणीनं मासोळीची टोपली उपडी घातली. त्यांच्या वाड्याच्या भर अंगणात. मी पावशीवर मरळ कापत होते, हात चिकट. पोरगी बाजूला फडक्यावर निजलेली. तिचा वरचा ओठ जन्मापासूनच नाकापर्यंत फाटलेला. मालगुजारीण म्हणाली, "झाक ते. सूनबाईले दिवस हायेत. तिची नजर पडली त पोटातलं बी असंच निपजल." मी हात धुवेपर्यंत तिला दम निघाला नाही.

टोपलीतले खवले पोरीच्या केसांत पडले. ती रडायला लागली. आणि मी काय केलं? उरलेली मासोळी कापली. धुतली. ताटात लावून आत दिली. मग टोपली उचलली. आज हे सांगतानाही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

सरकारनं तेव्हा मालगुजारी, म्हणजे गावाची मालकी, काढून घेतली होती. कागदावर. गावचा तलाव मात्र अजून त्यांचाच होता, आम्ही ढिवरांनी त्यात जाळं टाकायचं ते त्यांच्या मर्जीनं. मालगुजाराचा धाकटा मुलगा नागपुराहून सर्जन होऊन आला होता, त्यानं चामोर्शीला दवाखाना घातला होता. पोरीचा ओठ तो फुकट शिवून देईल, असा निरोप आला तेव्हा माझा नवरा हरखून गेला. देवच पावला म्हणाला. मीही पोरीला न्हाऊमाखू घालून घेऊन गेले.

डॉक्टरनं पोरीला हात लावला नाही. पेन्सिलीच्या टोकानं ओठ उचलून पाहिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. दार उघडंच ठेवलं. माझ्यासारखीपासून काय लपवायचं? आत त्याचा कोणी सोबती होता, त्याला म्हणाला, "हात बसवायला असलीच केस बरी. बिघडलं तरी आधीच फुटकं आहे. कोण विचारतंय?"

मला आमच्या गुराख्याची मुलगी आठवली. तिचाही ओठ यानंच शिवला होता. ओठाची एक बाजू वर, एक खाली, नाकपुडी ओढलेली. पेज प्यायली की हनुवटीवर ओघळायची. लोक म्हणायचे, पोरीचं नशीब. मीही म्हटलं असेन. पण मी जाळं विणणारी बाई आहे, माझ्या बापानं शिकवलेलं. गाठ सरकली की जाळ्याचं घर वाकडं होतं. त्यात सुताचं नशीब नसतं, विणणाऱ्याचा हात असतो.

मी आत गेले. पोरीला पदरात घेतलं. म्हटलं, "डाक्टरसाब, तुमची गाठ सरकते. माही पोरगी मी तुमच्या हातात देत नाई."

त्याला आधी कळलंच नाही. मग हसला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की ढिवरीण सर्जनाला टाके शिकवते. दुसऱ्या दिवशी तलाव आम्हाला बंद. नवरा म्हणाला, दैव देतं नि कर्म नेतं, आणि कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्याचंही खरं होतं. घरात पोरं होती, आणि पोट नदीवर आलं होतं.

मग मी डॉक्टर शोधला. कसा? बाजारोबाजार पोरांचे ओठ पाहत हिंडले. लोकांना वाटलं हिचं डोकं फिरलं. एकदा बांगड्या भरायला बसलेल्या एका बाईच्या मांडीवर तसलं पोर दिसलं. ओठावर सुतासारखी बारीक रेघ, लाल कड दोन्हीकडून बरोबर जुळलेली. मी त्याची हनुवटी धरली, पाणी पाजून पाहिलं. थेंब सांडला नाही. विचारलं, कोणी शिवलं? चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातला म्हातारा डॉक्टर, ती म्हणाली. नवऱ्यानं मुकाट्यानं डोंगा काढला. वैनगंगा ओलांडून आम्ही चांद्याला गेलो आणि पोरीचा ओठ जुळवून आणला.

तीन वर्षं गेली. भाद्रपदात नदी दुथडी भरलेली. घाटावर आमचा एकच डोंगा. मालगुजारीण धावत आली, मागे सून, कडेवर नातू. टोपली घातली तेव्हा पोटात होता तोच. ओसरीच्या पायरीवर पडून त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता. सगळे घाईघाईनं डोंग्यात बसले. चांद्याला जायचं, म्हणाले.

नवऱ्यानं वल्हं घेतलं. दोर माझ्या हातात होता.

"बाई, तुमचा डाक्टर त घरचाच हाय," मी म्हटलं. "नदीपार काऊन चालल्या?"

पोर रडत होतं. सून माझ्या तोंडाकडे पाहत होती. नवरा म्हणाला, सोड. मी सोडला नाही.

"सांगा. मंग डोंगा निघल."

मालगुजारणीनं मान खाली घातली. "त्याचा हात बसला नाई अजून."

"मोठ्यानं."

तिनं पुन्हा सांगितलं. घाटावरच्या दहाबारा माणसांनी ऐकलं. मग मी दोर सोडला. रक्ताळलेल्या पोराला मी तेवढा वेळ थांबवलं. त्याची मला लाज वाटत नाही. टोपलीच्या दिवसाची वाटते.

डोंगा पार जाईपर्यंत मी काठावर उभी होते. यांना माहीत होतं. गुराख्याच्या पोरीच्या वेळी माहीत होतं, माझ्या पोरीला बोलावलं तेव्हाही माहीत होतं. मला वाटलं होतं, मुलाच्या मायेनं आंधळे झाले असतील. आंधळे कसले? चांगले डोळस होते.

आता दर बाजाराच्या दिवशी मी माझी टोपली त्या सर्जनाच्या दवाखान्यासमोर मांडते. कोणी पोर घेऊन आलं की माझी पोरगी दाखवते, मग गुराख्याची पोर कुठं राहते ते सांगते, आणि मालगुजारणीचं घाटावरचं बोलणं जसंच्या तसं ऐकवते. दोनदा त्याच्या माणसांनी माझी टोपली लाथेनं उलटवली. मी मासोळी गोळा करून परत तिथंच बसले. त्याचा हात बसो की न बसो. बसवायचा असेल तर आधी स्वतःच्या घरातलं पोर घ्यावं. आमचं मिळणार नाही.